दुर्मीळ सोल तबकडी पारखताना

१९६०च्या दशकातील अमेरिकन सोल संगीताची दुर्मीळ ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी घेताना केवळ लेबलावर विसंबू नये. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले क्रमांक तिरप्या उजेडात वाचून अस्सल प्रतीच्या नोंदींशी ताडून पाहावेत, कारण इंग्लंडमधील नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचण्याच्या चळवळीच्या, नृत्यरात्रींमुळे मागणी वाढली, तेव्हा १९७०च्या दशकात अनेक तबकड्यांच्या नकली आवृत्त्या निघाल्या. लॉस एंजेलिसच्या मोनार्क या तबकड्यांच्या कारखान्यातील प्रतींवर या पट्ट्यात बहुधा त्रिकोण आणि त्यापुढे क्रमांक असतो. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन सिंगल्स (दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्या) व्हायनिलऐवजी स्टायरीन या कडक प्लास्टिकच्या असत आणि झिजलेल्या सुईने त्यांच्या खाचा फार लवकर कायमच्या खराब होतात. म्हणून अशी तबकडी लावण्याआधी सुई तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.