झटापटीतून अंग काढून कसं घ्यावं

कोथरूडला आमच्या डायनिंग टेबलवर वॉरहॅमर ४०,००० या छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या (मिनिएचर्सच्या) युद्धखेळाची दहावी आवृत्ती (२०२३) चालते, म्हणून नियम तिचेच सांगतो. शत्रू एका इंचाच्या आत आला की तुकडी अडकली. आपल्या मूव्हमेंट फेजमध्ये (चालीच्या टप्प्यात) ‘फॉल बॅक’, म्हणजे माघार, जाहीर करा आणि चालीच्या मर्यादेत सरका. थांबताना मात्र प्रत्येक शत्रू इंचापेक्षा लांब हवा. तेवढी जागाच नसेल तर फॉल बॅक नाही.

खरी मेख शत्रूच्या मिनिएचर्समधून वाट काढण्यात आहे. अशा प्रत्येक सैनिकामागे एक फासा. १ किंवा २ पडला, की तुकडीतला एक सैनिक गेला, कोणता ते तुम्ही ठरवायचं. तुकडी बॅटल-शॉक्ड (धीर खचलेली) असेल तर सगळ्यांसाठीच फासे टाका. मुरलेला खेळाडू तुमच्या एकाच सैनिकाला तिन्ही बाजूंनी कोंडतो, मग त्याला शत्रूमधूनच वाट काढावी लागते. म्हणून चार्ज (शत्रूची धावून चाल) येणार असं दिसलं की आधीच पाठ मोकळी ठेवा, टेपने मोजून. अंदाजपंचे नको.

पळालेली तुकडी त्या टर्नला सहसा गोळीबार करत नाही, चार्जही नाही. मग पळायचं कशाला? तर मागच्या बंदुकांना निशाणा मोकळा मिळतो म्हणून. रणगाडा मात्र उगाच पळवू नका. तो चिकटलेल्या शत्रूवरही जागेवरूनच गोळ्या झाडतो, फक्त नेमाच्या फाशातून एक वजा होतो.