पावसाआधी बांधण्या सोडा : कमानी, मांडव, हेज आणि आकार दिलेल्या झाडांसाठी सल्ला

पहिला दमदार पाऊस पडायच्या आत एक काम उरका. बाकीची कामं आठवडाभर मागे पडली तरी चालतील. कात्री आणि पक्कड खिशात घाला आणि बागेतली प्रत्येक कमान, मांडवाचा प्रत्येक खांब, काठी लावलेलं प्रत्येक झाड असं फिरा. जिथे कधीकाळी तार, सुतळी, प्लास्टिकची दोरी किंवा केबल टाय बांधला होता, ती जागा बोटांनी चाचपा. नुसतं बघून कळत नाही. साल तारेवरून फुगून आलेली असते आणि तार आत गडप झालेली असते.

शोभेच्या झाडांमध्ये इतकी वर्षं फिरतोय. पाण्यावाचून मेलेली झाडं मोजकीच पाहिली. मालकानेच गळा आवळून मारलेली मात्र मोजायची सोय नाही. आणि प्रत्येक वेळी नाव दुसऱ्याचं : पाणी वाईट, माती भारी, रोग आला, वारा फार होता. एका रोपवाटिकेत छत्रीसारख्या वाढवलेल्या बोगनवेलींची रांग एका संध्याकाळच्या वादळात आडवी झाली. मालक वाऱ्याला दोष देत होता. मी मोडलेली खोडं पाहत गेलो. सगळी एकाच उंचीवर मोडली होती, काठीला घातलेल्या वरच्या तारेपाशी. तिथे खोड मनगटाएवढं जाड असायला हवं होतं, ते अंगठ्याएवढं राहिलं होतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे आळस होणार नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं. मुळांचं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. तार आधी साल कापते. त्यामुळे पाणी वर जात राहतं, पानं हिरवी दिसतात, उलट तारेच्या वरचा भाग अन्न साठून जाड होतो आणि फुलंही भरपूर येतात. माणूस खूश होतो. खाली मुळं उपाशी मरत असतात. गुटी कलम बांधताना आपण फांदीची साल गोल काढतो आणि वरच्या कडेला मुळ्या फुटतात, ते याच कारणाने. द्राक्षवाले मणी फुगवायला खोडावर गर्डलिंग करतात (सालीची बारीक गोल पट्टी काढतात) तेही हेच. फरक इतकाच की ती जखम काही मिलिमीटरची असते आणि काही आठवड्यांत भरून येते. तारेची जखम भरायला तार जागा देत नाही.

आता पावसाशी याचा संबंध काय? पावसात झाड झपाट्याने जाड होतं. उन्हाळ्यात जी बांधणी 'बरोबर बसलेली' वाटते, तीच दोन महिन्यांत सालीत रुतते. शिवाय भिजलेल्या पानांचा भार येतो आणि त्याच वेळी वारा सुटतो. कमकुवत जागा मोडायला याहून चांगला मुहूर्त नाही. म्हणून म्हणतो, आत्ता. पाऊस लागल्यावर मांडवावर शिडी लावायची सोय राहत नाही.

कुठे कुठे पाहायचं

मांडव आणि कमानी. बांधणी कुणाला लागते आणि कुणाला नाही, इथूनच घोटाळा सुरू होतो. गोकर्णासारखी वेल स्वतः पीळ घालत चढते. कृष्णकमळ तणाव्यांनी पकडतं. भिंतीवरची फायकस प्युमिला बारीक मुळ्यांनी चिकटते. यांना फार तर सुरुवातीचे थोडे दिवस दिशा दाखवायला सुतळी लागते, नंतर ती बांधणी निव्वळ फास. बोगनवेल आणि वेली गुलाब यांच्याकडे मात्र काट्यांपलीकडे पकडायला काही नाही. त्यांना बांधावंच लागतं, म्हणून सगळ्यात जास्त गळे त्यांचेच आवळले जातात. कमानीच्या वळणावर, जिथे फांदी लोखंडाला घासते, तिथे आधी हात घाला. मांडवाच्या जाळीतून फांद्या आतबाहेर विणू नका. विणलेली फांदी जाड झाली की जाळीच तिची तार होते. जाळीच्या एकाच बाजूला ठेवून बाहेरून बांधा.

उंच एकखोडी झाडं (स्टँडर्ड). यांना तीन जागी बांधलेलं असतं आणि तपासली जाते फक्त मधली गाठ. वरची, डोक्याच्या लगेच खालची, पानांत लपते. घात तीच करते. डोळा भरलेल्या गुलाबावर कलमपट्टी तशीच राहिली असेल तर ती उभी चिरून काढा.

वेणी घातलेले फायकस. विकत आणताना वर आणि खाली तार किंवा पट्टी असते. ती घरी आल्या दिवशीच काढायची. वेणीतली खोडं पुढे एकमेकांनाच आवळतात आणि बऱ्याचदा त्यातलं एक वाळतं. मला हा प्रकार मुळातच पसंत नाही, पण लोक घेतात, तेव्हा निदान पट्टी तरी काढा.

टोपिअरी (छाटून आकार दिलेली झाडं). चेंडू, शंकू, हत्ती, मोर, काहीही असो, आत तारेचा सांगाडा असेल तर पानं बाजूला सारून खोडाजवळची कडी पाहा. कडी आणि खोड यांत बोट जात नसेल तर कडी कापा. आकार बिघडत नाही. तोवर फांद्यांनी आकार धरलेला असतो, सांगाडा केव्हाच उपरा झालेला असतो.

हेज (झुडपांचं कुंपण). रोपं लहान असताना सरळ ओळीसाठी लावलेल्या आडव्या काठ्या आणि तारा आतच राहतात. मेंदी, ड्युरांटा, कामिनी, सगळीकडे हेच. मधेच एखादं रोप वाळून भगदाड पडलं की लोक नवीन रोप लावतात आणि तेही त्याच तारेला बांधतात!

भिंतीवर पसरवलेली झाडं. आडव्या तारांना फांद्या बांधलेल्या असतात. फांदी तारेच्या पुढे हवी, मागे अडकलेली नको.

आणि ज्या बांधण्या कुणी बांधणी समजत नाही त्या : नावाच्या पाट्यांची तार, दिव्यांच्या माळा, टांगत्या कुंड्यांची दोरी, झुल्याचा दोर. रोपवाटिकेतली पाटी फांदीला लोंबकळत येते आणि तीन वर्षांनी ती फांदी वाळते तेव्हा पाटीवरचं नाव तेवढं शाबूत असतं.

ताडवर्गीय झाडांचं गणित वेगळं आहे. त्यांचं खोड इतर झाडांसारखं वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे तार तशी रुतत नाही. पण त्यांच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही. म्हणून पामला खिळे मारून तारा ओढणं पूर्ण बंद.

सोडायची कशी

सैल तार सरळ कापा. रुतलेली असेल तर ओढू नका, सालीची पट्टी निघून येते. दिसतात तितक्या जागी तिचे तुकडे करा, सुटतील ते काढा, आत गेलेला तुकडा तसाच राहू द्या. फास तुटला हे महत्त्वाचं. वरचा भाग खालच्यापेक्षा स्पष्ट जाड झाला असेल तर डोक्याचा भार हलका करा, आतल्या गर्दीतल्या फांद्या काढा, पण एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त नको. अशा झाडाला या हंगामापुरती बाजूने सैल काठी द्या. ते मोडू शकतं.

जखमेवर बोर्डो पेस्ट : १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात, वेगवेगळं भिजवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी नको. त्यात घासलेलं विळ्याचं टोक थोडा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. ही झाली शिफारस. माझं स्वतःचं मत असं की बोटाएवढ्या जखमेला काहीच लावू नये, ती उघडी लवकर सुकते. तळहाताएवढी जखम आणि वर संततधार असेल तरच पेस्ट. याला माझ्याकडे नुसती नजर आहे, प्रयोग नाही.

नवीन बांधणी काथ्याची किंवा सुती पट्टीची करा. ८ च्या आकड्यासारखी : एक वेढा काठीला, एक झाडाला, मधे फुली. झाडाच्या वेढ्यात दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. काथ्या कालांतराने कुजतो म्हणून लोक नाकं मुरडतात. अहो, कुजतो हाच त्याचा गुण. तुम्ही विसरलात तरी तो विसरतो.

काठीबद्दलही सांगून ठेवतो. खोडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी काठी साध्या झाडाला पुरे. वाऱ्यात थोडं हललेलं खोड जाड होतं, घट्ट जखडलेलं काटकुळं राहतं. बांधणी सोडून पाहा. झाड उभं राहिलं तर काठी काढा. वाकलं तर या पावसापुरती ठेवा. जड डोक्याच्या छत्रीला मात्र वरपर्यंत काठी लागते, आणि म्हणूनच तिची वरची गाठ पुन्हा पुन्हा बघावी लागते.

पिवळी पानं आणि दुकानातली बाटली

आवळलेलं झाड शेवटी पिवळं पडतं, कारण मुळं मरत आलेली असतात. मग पान घेऊन माणूस दुकानात जातो. तिथे सूक्ष्म अन्नद्रव्यं, टॉनिक, 'वाढ संप्रेरक', मुळांसाठी ह्युमिक, असं सगळं एकत्र करून दिलं जातं. विकणाऱ्याने झाड पाहिलेलं नसतं, पान पाहिलेलं असतं. एकाने माझ्यासमोर एका वाळत्या मांडवावर चौथी बाटली फवारली. खोडात बोट खुपसलं तर तार लागली. सरळ नियम ठेवा : खोड बुडापासून शेंड्यापर्यंत चाचपल्याशिवाय कुठलीही बाटली विकत घ्यायची नाही. कमतरता खरीच असेल तर ती शेजारच्या झाडांवरही दिसते. एकच वेल, किंवा वेलीची एकच फांदी पिवळी असेल तर आधी फास शोधा.

फासाखाली काय लपतं

पिठ्या ढेकूण. पट्टीच्या आणि दोरीच्या आत कोरडी, अंधारी जागा मिळते, फवारा पोचत नाही. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली तर वर-खाली न शोधता पहिली गाठ सोडा, पांढरा कापूस तिथेच सापडेल. म्हणजे फवारणीआधी बांधणी काढा, नाहीतर औषध वाया. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग निंबोळी तेल ५ मिली प्रति लिटर, साबणाचं पाणी मिसळून, किंवा ५ टक्के निंबोळी अर्क. हवेत ओल आल्यावर व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. ही किडी मारणारी बुरशी आहे, तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळू नका. दोन्ही एकाच पिशवीत विकलेली मी पाहिली आहेत.

सोडलेल्या पट्ट्या तिथेच टाकू नका, गोळा करून जाळा. प्लास्टिकच्या असतील तर साबणाच्या पाण्यात बुडवून मग कचऱ्यात.

बाकीची कामं, थोडक्यात

– नवीन हेज : दोन ओळी, तिरकस मांडणी, ३० सेंमी अंतर. लागवडीनंतर शेंडे निर्दयपणे बुडाजवळ छाटा, म्हणजे खालून फुटवे येतील, नाहीतर बूड कायमचं उघडं.
– जुनी हेज : तळ रुंद, माथा अरुंद. माझा अंदाज, तळाला वीतभर जास्त. माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही.
– हिरवळ : कडा कापा, खळगे भरा, पाणी साचू देऊ नका.
– वाफ्यांच्या कडेची बुटकी झाडं : विरळणी, मेलेली काढून जागा भरा.
– कुंड्या : तळाची भोकं मोकळी करा.
– पानांवर ठिपके वाढले तर कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर, पाऊस उघडल्यावर.
– लाकडी खांब : जमिनीलगत सुरीचं टोक खुपसून पाहा. सुरी आत गेली तर खांब बदला. तिथेच तो कुजतो.
– लोखंडी कमान : गंज खरवडा, रंग द्या. वेल उतरवलीच आहे तर आत्ताच.

वाऱ्याचा इशारा आला आणि तपासणी अर्धीच झाली असेल तर क्रम असा ठेवा : आधी माणसं खालून जातात त्या कमानी आणि मांडव, मग उंच एकखोडी झाडं, मग भिंतीवरची, शेवटी हेज. टोपिअरीला वाऱ्याचा धोका कमी, ती नंतर पाहिली तरी चालेल.

तपासलेल्या प्रत्येक झाडाजवळ जमिनीत एक काडी खोचा. खोडाला खुणेची दोरी बांधू नका, हेही सांगावं लागतं. दुसरी फेरी दीड महिन्याने, पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी. नवीन काथ्याच्या वेढ्यात तेव्हाही दोन बोटं गेली पाहिजेत. एकच जात असेल तर सोडून पुन्हा बांधा.