दक्षिण फ्रान्समधील डोंगरमाथे कसे चढावेत : सुरुवात पिक सँ-लूपासून

दक्षिण फ्रान्स म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भूमध्य समुद्राचा किनारा येतो. मात्र या किनाऱ्याकडे पाठ करून उत्तरेला निघाले, तर तासाभरात द्राक्षमळे, दगडी घरांची लहान गावे आणि त्यांच्या मागे उभे असलेले पांढुरके कडे दिसू लागतात. या भागात पहिल्यांदाच एखादा माथा गाठायचा असेल, तर मोंपेलिये शहराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या पिक सँ-लू या डोंगरापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. त्याची उंची ६५८ मीटर आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण येथील दगड, पाणी आणि ऋतू या तिन्ही गोष्टी आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

ऋतू आणि दिवस ठरवणे

येथील उन्हाळा कोरडा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर सहज जातो आणि वाटेवर सावली फार थोडी असते. त्यामुळे मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबरनंतरचे कोरडे दिवस निवडावेत. हिवाळ्यातील निरभ्र दिवसही उत्तम असतात, कारण हवा तेव्हा सर्वाधिक स्वच्छ असते.

पाऊस मुख्यतः शरद ऋतूत येतो आणि काही वेळा तो भयंकर रूप घेतो. समुद्रावरची उबदार, बाष्पयुक्त हवा सेव्हेनच्या डोंगररांगेला अडून वर चढते आणि एका दिवसात शेकडो मिलिमीटर पाऊस कोसळतो. सह्याद्रीचा घाटमाथा ज्या कारणाने चिंब होतो, तेच कारण येथेही आहे. फरक एवढाच की येथे तो पाऊस अचानक येतो आणि कोरडे ओढे पाहता पाहता दुथडी भरून वाहू लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मेतेओ-फ्रान्स या राष्ट्रीय हवामानसंस्थेचा इशारा-नकाशा पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांपैकी नारिंगी किंवा लाल दिसल्यास बेत रद्द करावा.

वाऱ्याकडेही तितकेच लक्ष द्यावे. या बाजूला वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला त्रामोंतान म्हणतात, तर ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणाऱ्या वाऱ्याला मिस्त्राल. हे वारे सुटलेले असताना धारेवर उभे राहणे धोक्याचे असते. मात्र हेच वारे हवेतील धूसरपणा पुसून टाकतात, त्यामुळे वारा पडल्यानंतरचा पहिला दिवस दूरचे पाहण्यासाठी सर्वांत चांगला, हे लक्षात ठेवावे.

उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर वणव्यासंबंधीचे नियम तपासावेत. उदाहरणार्थ, बूश-द्यु-रोन जिल्ह्यातील सँत-व्हिक्त्वारसारख्या डोंगरांवर १ जून ते ३० सप्टेंबर या काळात प्रवेश नियंत्रित असतो. दुसऱ्या दिवशीच्या धोक्याचा नकाशा प्रशासन आदल्या संध्याकाळी जाहीर करते आणि लाल रंग असल्यास डोंगर बंद असतो. जंगलात चहापुरतीही चूल पेटवू नये आणि सिगारेट ओढू नये.

पाणी आणि पादत्राणे

आपल्याकडे गडावर कातळात खोदलेली टाकी असतात, निदान पायथ्याच्या वाडीत विहीर तरी असते. पिक सँ-लूच्या वाटेवर पाण्याचा भरवसा अजिबात धरू नये. हा डोंगर चुनखडीचा आहे. चुनखडीला भेगा असतात, पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल झिरपते आणि दूर कुठेतरी पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग कोरडाच राहतो. माणशी किमान दोन लिटर आणि उष्ण दिवसांत तीन लिटर पाणी घरूनच भरून घ्यावे. खाण्याचे सामानही शहरातूनच घ्यावे, कारण लहान गावांतली दुकाने दुपारी आणि रविवारी बंद असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

आता बुटांविषयी. सह्याद्रीतला कोरडा, खरबरीत बेसाल्ट पायाला धरून ठेवतो. येथील वाटेवरचा दगड हजारो लोकांच्या पावलांनी घासून इतका गुळगुळीत झाला आहे, की उन्हात तो साबणाच्या वडीसारखा चकाकतो, आणि त्यावर हात फिरवला तर खरबरीतपणा बोटांना लागतच नाही. पावसानंतर अशा दगडावर पाय ठेवणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण देणे होय. म्हणून खोल खाचांचा तळवा असलेले, घोटा धरून ठेवणारे बूट घालावेत आणि शक्य झाल्यास उतरताना आधाराला काठी घ्यावी. वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट उन्हाळ्यातही सोबत असू द्यावे.

वाटेच्या खुणा वाचणे

फ्रान्समधील पायवाटांवर रंगांच्या पट्ट्या असतात आणि त्या एकदा समजल्या की वाट चुकण्याची भीती बरीच कमी होते. पांढरी व लाल पट्टी म्हणजे जीआर हा लांब पल्ल्याचा मार्ग, पिवळी व लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाभोवतीचा मार्ग, तर फक्त पिवळी म्हणजे स्थानिक, सहसा एका दिवसाचा फेरा. पट्टी वळलेली दिसली तर त्या बाजूला वळावे, आणि पट्ट्यांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही असे समजून मागे फिरावे. जोडीला आयजीएन या राष्ट्रीय नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा ठेवावा किंवा तो फोनवर आधीच उतरवून घ्यावा.

प्रत्यक्ष चढाई

काझव्येय हे डोंगराच्या दक्षिण-पश्चिम बाजूचे छोटे गाव चढाईचा नेहमीचा प्रारंभबिंदू आहे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असल्यास सोयीचे पडते, पण सुट्टीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो, तेव्हा सकाळी आठच्या आत पोहोचावे. येथून माथ्यापर्यंत सुमारे ३८० मीटर चढ आहे आणि जाऊन-येऊन अंतर साधारण सहा किलोमीटर पडते. सवय असलेल्याला वर जायला सव्वा तास पुरतो. मुले सोबत असतील, तर दोन तास धरावेत.

सुरुवातीची वाट रुंद आणि सोपी आहे. या टप्प्यात घाई न करता आजूबाजूला पाहत जावे, कारण गारिग म्हणून ओळखले जाणारे येथील झुडपी रान जवळून पाहण्यासारखे आहे. काटेरी पानांचे बुटके ओक, रोझमेरी आणि थाइम दगडांच्या फटींतून उगवलेले असतात. थाइमची काडी बोटांत चुरगळली, तर तिचा वास हाताला बराच वेळ राहतो. पाइनची झाडे असतील तेथे हिवाळ्याच्या अखेरीस एकामागोमाग रांगेने चालणाऱ्या सुरवंटांना हात लावू नये; त्यांच्या केसांनी त्वचेची आग होते आणि सोबतच्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

पुढे वाट अरुंद होते, नागमोडी वळणे घेत चढते आणि गुळगुळीत दगडांचा भाग सुरू होतो. येथे पावले छोटी टाकावीत. वळणे टाळून सरळ वर जाणाऱ्या आडवाटा दिसतील, पण त्यांनी मातीची धूप होते आणि उतरताना घसारा लागतो, म्हणून मुख्य वाट सोडू नये.

माथ्याजवळ छोटे प्रार्थनामंदिर आणि त्याच्या वर लोखंडी क्रूस आहे. क्रूस दिसताच पाय आपोआप भरभर पडू लागतात, आणि नेमके तेथेच थांबावे लागते. दक्षिणेकडून येणारा उतार माथ्यावर एकदम संपतो आणि उत्तरेला उभा कडा खाली जातो. त्याला कठडा नाही. मुलांचा हात धरावा आणि छायाचित्रासाठी मागे मागे सरकू नये.

समोर, दरीपलीकडे, ऑर्तुसचा लांबच लांब कडा दिसतो आणि मधल्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांच्या रांगा आखल्यासारख्या उमटतात. दक्षिणेला समुद्र आणि किनाऱ्यालगतची खारी तळी, उत्तरेला १,५६५ मीटर उंचीच्या मों एग्वालसह सेव्हेनची रांग, आणि हवा खरोखरच स्वच्छ असेल तर पूर्वेच्या बाजूला मों व्हाँतू व नैर्ऋत्येला पिरेनीजमधील कानिगू दिसतो. लोककथा सांगते की लू, गिराल आणि क्लेर या तीन भावांचे एकाच तरुणीवर प्रेम होते. धर्मयुद्धावरून परतल्यावर ती मरण पावल्याचे त्यांना कळले आणि तिघे तीन डोंगरांवर विरक्त होऊन राहिले. ती कथा माहीत असली की दूरच्या सँ-गिरालकडे आणि समुद्राकाठच्या सँ-क्लेर टेकडीकडे नजर वेगळ्या ओढीने जाते.

उतरताना आलेल्या वाटेनेच परत यावे. पूर्वेकडची वाट अधिक खडकाळ आहे आणि ती पहिल्या भेटीसाठी नाही. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक लावावा.

डोंगरावरचे वागणे

समोरून येणाऱ्याला "बोंजूर" म्हणावे. येथे ती साधी रीत आहे. कुंपणाचे फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे, मळ्यातील द्राक्षे तोडू नयेत. शरदापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत शिकारीचा हंगाम असल्याने भडक रंगाचे कपडे घालावेत. उंच कुरणांत मेंढरांसोबत पातू नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. ते भुंकत आले तर पळू नये, काठी उगारू नये. शांतपणे थांबून, हळू आवाजात बोलत, कळपाला मोठा वळसा घालावा.

पुढचे माथे

पिक सँ-लू जमल्यावर पश्चिमेकडील १,०९१ मीटरच्या कारूकडे वळावे. दूश या वाडीवरून निघाल्यास त्याच्या पठारावरील दिशादर्शक शिलेपर्यंतची चाल सौम्य आहे. कानिगू मात्र २,७८४ मीटरचा आहे आणि त्यासाठी दोन दिवस हाताशी असावेत : पहिल्या दिवशी २,१५० मीटरवरील कोर्तालेच्या निवाऱ्यात मुक्काम करावा, जागा आधी राखून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर माथ्यावर ढग जमून विजा कडाडण्याची शक्यता असते, आणि तोवर आपण उतरून निवाऱ्यापर्यंत आलेले असावे.