कार्बोरेटरवाली गाडी पिकअप घेत नाही?

जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी पिकअप घेत नसेल, तर कार्बोरेटर उघडायच्या आधी दोन गोष्टी बघा. इंजिन गुरगुरतंय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. दुसरं, कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पेडल पूर्ण दाबायला सांगा. थ्रॉटल (पेडलने उघडणारी कार्बोरेटरमधली झडप) पूर्ण उघडत नसेल तर केबल ताणा.

पेडल दाबताच गाडी क्षणभर मरते आणि मग उचलते? संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर, म्हणजे पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपावर. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढा, चोक फ्लॅप (कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप) उघडा धरा, आत बघत थ्रॉटल हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक, सरळ धार लगेच दिसली पाहिजे. धार नाही किंवा नुसते थेंब पडले, तर पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) फाटलाय किंवा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबलाय. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा मारा. (एसयू (SU) बनावटीच्या कार्बोरेटरला हा पंप नसतो, तिथे डॅशपॉटमधलं, म्हणजे वरच्या तेलाच्या नळकांड्यातलं तेल तपासा.) आसपास विडी-सिगारेट नको, हे सांगायला हवंच.

धार ठीक असूनही चढावर दम लागतो? आधी पेट्रोल फिल्टर बदला, मग पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा.