एलएसयूचं ‘डिस्टिंग्विश्ड कम्युनिकेटर’ मेडल: तयारी पहिल्या वर्षापासून कशी करायची

अमेरिकेत बॅटन रूजमधल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत, पदवीदानाच्या दिवशी काही विद्यार्थ्यांच्या गळ्यात ‘डिस्टिंग्विश्ड कम्युनिकेटर’चं मेडल असतं. ते फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळतं, पण शाखेचं बंधन नाही. सिव्हिल इंजिनिअरिंग, बायोलॉजी, अकाउंटिंग, आर्किटेक्चर, कुठलाही विद्यार्थी त्यासाठी नाव नोंदवू शकतो. हा उपक्रम युनिव्हर्सिटीचा ‘कम्युनिकेशन अॅक्रॉस द करिक्युलम’ हा विभाग चालवतो. कॅम्पसवर त्याला सीएक्ससी म्हणतात.

महाराष्ट्रातून गेलेल्या मुलांना हे नाव ऐकल्यावर आधी वक्तृत्व स्पर्धा आठवते. तसं इथे काही नाही. कुणी स्टेजवर उभं करून विषय देत नाही आणि पहिला-दुसरा नंबर काढत नाही. अटी पूर्ण झाल्या आणि काम त्या दर्जाचं ठरलं की मेडल मिळतं, मग त्या वर्षी आणखी कितीही जण असोत. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने ‘आपलं इंग्रजी फाडफाड नाही’ म्हणून आधीच माघार घेऊ नये. इथे पाहतात ते वेगळंच: तुमच्या विषयातली गोष्ट तुम्ही ठरावीक वाचकाला किंवा श्रोत्याला समजेल अशी मांडता का, कुणी चूक दाखवली तर ती सुधारता का, आणि हे सगळं पुराव्यानिशी दाखवता का. पुरावा शेवटच्या सेमिस्टरमध्ये तयार करता येत नाही. तो साठवत जावा लागतो.

कौशल्यांचे चार प्रकार मानले आहेत: लेखी, तोंडी, दृश्य आणि तंत्रज्ञानाधारित. दृश्यमध्ये पोस्टर, आलेख, ड्रॉइंग, मॉडेल असं येतं. तंत्रज्ञानाधारितमध्ये वेबसाइट, व्हिडिओ, सिम्युलेशन, डेटाचा डॅशबोर्ड. बहुतेक विद्यार्थी एखाद-दुसऱ्या प्रकारात तयार असतात. इंजिनिअरिंगवाल्यांचं लेखन लंगडं असतं, इंग्रजी साहित्यवाल्यांचे आलेख. पोर्टफोलिओत चारही प्रकार दिसायला हवेत, म्हणून कच्चा प्रकार कोणता हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ओळखा आणि त्याच प्रकारावर भर असलेला कोर्स घ्या.

मुख्य अट आहे ‘कम्युनिकेशन-इंटेन्सिव्ह’ म्हणजे सी-आय कोर्सची. असे १२ क्रेडिट लागतात. बहुतेक कोर्स ३ क्रेडिटचे असल्याने हिशोब चार कोर्सचा होतो. शिवाय जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किमान ३.० हवा. सी-आय शिक्का कुठल्याही कोर्सला मिळत नाही. त्यात चारपैकी किमान दोन प्रकारांवर काम व्हावं लागतं, अंतिम ग्रेडमधले किमान ४० टक्के त्या कामावर असावे लागतात, आणि ड्राफ्ट, त्यावर शेरे, मग दुरुस्ती हा क्रम शिकवण्याचाच भाग असतो.

घोटाळा होतो तो रजिस्ट्रेशनच्या वेळी. शिक्का सेक्शनला, म्हणजे कोर्सच्या एकेका तुकडीला असतो. एकाच कोर्सचा एक सेक्शन सी-आय असतो आणि दुसरा नसतो, कारण शिकवणारा प्राध्यापक आणि मूल्यमापनाची पद्धत वेगळी. वेळ सोयीची म्हणून सकाळी नऊचा सेक्शन घेतला आणि सी-आय दुपारी दीडचा होता, असं झालं तर ते ३ क्रेडिट मेडलच्या हिशोबात येत नाहीत. म्हणून दर सेमिस्टरला वेळापत्रक उघडलं की आधी सी-आयची खूण पाहा, मग वेळ पाहा.

दुसरी चूक म्हणजे सगळे सी-आय कोर्स शेवटच्या वर्षावर ढकलणं. बऱ्याच शाखांत कॅपस्टोन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट, सी-आय असतो, त्यामुळे ‘तिथे होईलच’ असं वाटतं. पण कॅपस्टोनचं काम हाती येतं तेव्हा पोर्टफोलिओ जमा करायची वेळ आलेली असते. पहिला सी-आय कोर्स दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, मधले दोन तिसऱ्या वर्षापर्यंत आणि शेवटचा कॅपस्टोन, अशी मांडणी बहुतेकांना झेपते. या चारही कोर्समध्ये ए किंवा बी हेच लक्ष्य ठेवा. जिथे सी ग्रेड आली त्या कोर्सचं काम दर्जेदार म्हणून पुढे करणं अवघड जातं.

मेडलच्या तयारीत एक प्राध्यापक मार्गदर्शक सोबत असतात. त्यासाठी ज्यांच्याकडे जायचं, त्यांच्या हाताखाली आधी एखादं लेखी किंवा तोंडी काम झालेलं असावं. विभागप्रमुखांचं नाव मोठं आहे म्हणून त्यांच्याकडे जाण्यापेक्षा ज्यांनी तुमच्या रिपोर्टवर दोन पानं शेरे लिहिले त्यांच्याकडे जा. पहिली ईमेल छोटी ठेवा: तुम्ही कोण, त्यांचा कोणता कोर्स घेतला, काय हवं आहे, भेटीसाठी कोणत्या दोन-तीन वेळा जमतात. संबोधन ‘डॉक्टर’ आणि आडनाव. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन ‘काइंडली डू द नीडफुल’ने संपणारी ईमेल तिथे कुणाला नीट कळत नाही, कारण नेमकं काय करायचं हे त्यात सांगितलेलंच नसतं.

आता ड्राफ्टबद्दल, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. एक साधं उदाहरण घेऊ. सिव्हिलच्या लॅब रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट साधारण असा येतो: ‘या प्रयोगात काँक्रीटचे सिलिंडर तयार करण्यात आले. त्यांचे २८ दिवस क्युरिंग करण्यात आले. नंतर कॉम्प्रेशन मशीनवर चाचणी घेण्यात आली. निकाल तक्ता २ मध्ये दिले आहेत. ताकद अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे दिसून येते.’ व्याकरणात चूक नाही. पण हे वाचून साइटवरच्या इंजिनिअरने काय करायचं? शेरे येतात ते असे: किती कमी, कशामुळे, मग पुढे काय. दुरुस्त केल्यावर: ‘हे मिश्रण स्लॅबसाठी वापरू नये. तीन सिलिंडरांची २८ दिवसांची सरासरी ताकद ३,४०० पीएसआय भरली, डिझाइनला ४,००० हवी. बॅच शीटवर ठरल्यापेक्षा जास्त पाणी पडल्याची नोंद आहे, आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते. पाण्याचं माप तपासून नवी बॅच घ्यावी.’

पहिल्या ड्राफ्टमध्ये आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीचा साचा आहे: साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यात शेवटी अनुमान. तो साचा इतका अंगवळणी पडलेला असतो की निष्कर्ष वर आणायला हात धजत नाही. पण अहवाल वाचणाऱ्याला निष्कर्ष आधी लागतो. ही एक सवय बदलली तरी बहुतेक मराठी विद्यार्थ्यांचे अहवाल लगेच सुधारतात.

हे दोन्ही ड्राफ्ट जपून ठेवा. एकाच फाइलवर लिहीत गेलात तर पहिला ड्राफ्ट नाहीसा होतो आणि सुधारणा दाखवायला हातात काही उरत नाही. प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल करा, नावात कोर्स, तारीख आणि ड्राफ्टचा क्रमांक टाका. कागदावर आलेल्या शेऱ्यांचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

शेरे मिळवायला प्राध्यापकांवरच अवलंबून राहायचं कारण नाही. सीएक्ससीचे स्वतःचे स्टुडिओ आहेत. कोट्स हॉलमध्ये स्टुडिओ १५१ आहे आणि इंजिनिअरिंगचा स्टुडिओ पॅट्रिक एफ. टेलर हॉलमध्ये. तिथे भाषणाची तालीम करता येते, पोस्टर दाखवता येतं, रेकॉर्डिंगसाठी मदत मिळते. जमा करायच्या आदल्या दिवशी गेलात तर फक्त स्पेलिंग दुरुस्त होतात. आठवडाभर आधी गेलात तर मांडणी बदलता येते.

तोंडी सादरीकरणात आपल्याकडच्या मुलांचं नेहमी चुकतं ते वेगात. इंग्रजी सवयीचं नसलं की माणूस घाईने बोलून मोकळा होऊ पाहतो. मिनिटाला १३० ते १५० शब्द हा ऐकणाऱ्याला झेपणारा वेग आहे, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला साडेसहाशे-सातशे शब्द पुरतात. आकडा सांगितल्यावर एक श्वास थांबा. लाख-कोटी टाळा, मिलियनमध्ये सांगा. तारीख महिन्यापासून लिहा: तिथे ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. व्यासपीठावरच्या मान्यवरांचे आभार मानून सुरुवात करण्याची शाळेतली पद्धत सोडून द्या, पहिलं वाक्य थेट विषयाचं असू द्या. उच्चाराची फार काळजी करू नका. तुमची मराठी धाटणी राहिली तरी चालते, फक्त तांत्रिक शब्दांवरचा आघात आधी कुणाकडून तपासून घ्या.

पोस्टरचं गणित वेगळं. संशोधन परिषदांमध्ये ४८ बाय ३६ इंच हे माप सर्रास चालतं. त्यावर मजकुराचा टाइप २४ पॉइंटच्या खाली गेला की चार फुटांवरून वाचता येत नाही. रिपोर्टचे परिच्छेद तसेच्या तसे चिकटवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आलेखाला शीर्षक देताना ‘तापमान विरुद्ध वेळ’ असं न लिहिता आलेखातून काय दिसतं ते वाक्यच लिहा.

वर्गाबाहेरचं कामही लागतं: इंटर्नशिप, संशोधन, सामाजिक काम, एखाद्या विद्यार्थी संघटनेतली जबाबदारी. इथे परदेशी विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची, परवानगी लागते. ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते, आणि इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते. ‘मेडलसाठी हवी’ हे कारण चालत नाही. सीपीटीची नोंद असलेला आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो व्हिसाचा कागद) हातात येईपर्यंत कामाचा पहिला दिवस भरायचा नाही, कंपनी कितीही घाई करो. व्हिसाचा प्रश्न मेडलपेक्षा फार मोठा आहे. पहिल्या वर्षी त्यापेक्षा प्राध्यापकांच्या लॅबमधलं किंवा कॅम्पसवरचं काम सोपं पडतं. सेमिस्टर चालू असताना त्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे.

हे सगळं एकत्र येतं ते डिजिटल पोर्टफोलिओत, म्हणजे कुणालाही उघडता येईल अशा तुमच्या वेबसाइटवर. वीस फाइली टाकण्यापेक्षा पाच-सहा कामं निवडा. प्रत्येक कामासोबत थोडक्यात लिहा: प्रश्न काय होता, ते कुणासाठी केलं, त्यात तुमचा वाटा कोणता, कोणते शेरे आले, त्यावर काय बदललं. ‘या प्रोजेक्टमधून मी टीमवर्क शिकले’ असं लिहिणं वाया जातं. त्यापेक्षा ‘श्रोते शहर नियोजनवाले होते, त्यांना सूत्रं नको होती, म्हणून तीन समीकरणं काढून पुराचा नकाशा घातला’ हे लिहा. तपासणाऱ्याला तुमचा निर्णय दिसला पाहिजे.

पोर्टफोलिओ अडकतो तो बहुतेक वेळा बारीक गोष्टींत. गटाने केलेलं काम टाकताना जोडीदारांची परवानगी घ्या आणि कोणता भाग तुमचा ते स्पष्ट लिहा. इंटर्नशिपमधले कंपनीचे कागद लेखी परवानगीशिवाय टाकू नका, गरज पडली तर आकडे काढून फक्त पद्धत दाखवा. नेटवरून उचललेली चित्रं नकोत, स्वतःची किंवा खुल्या परवान्याची वापरा. विद्यार्थी क्रमांक आणि मार्क झाका. वीस मिनिटांचं पूर्ण रेकॉर्डिंग कुणी बघत नाही, दोन-तीन मिनिटांचा तुकडा कॅप्शनसह पुरतो. चित्रांना पर्यायी मजकूर द्या, आणि फिक्या राखाडी अक्षरांचा मोह टाळा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे युनिव्हर्सिटीच्या ड्राइव्हवरच्या लिंक तुम्हाला उघडतात, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं. तपासणाऱ्याला ‘परवानगी नाही’ असं दिसतं. साइट ब्राउझरच्या खासगी विंडोत आणि फोनवर उघडून प्रत्येक लिंक दाबून पाहा.

पदवीच्या सेमिस्टरच्या आधीच्या सेमिस्टरमध्येच साइटचा पूर्ण ड्राफ्ट मार्गदर्शकांना दाखवा. जमा केल्यावरही शेरे येतात आणि दुरुस्ती मागितली जाते, त्यासाठी दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा. कॅपस्टोन, फायनल आणि ओपीटीचा (पदवीनंतर काम करायच्या परवानगीचा) अर्ज त्याच दिवसांत येतात. त्या सेमिस्टरच्या तारखा आणि अटी सीएक्ससीच्या ऑफिसमधून सेमिस्टर सुरू होतानाच लिहून घ्या, सिनिअरने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या यादीवर विसंबू नका.