आठवण शेवटच्या दिवसाची नको, पहिल्या कामाची लावा

२०२५ च्या ३० नोव्हेंबरला, रविवारी रात्री नऊ वाजता माझा फोन वाजला. स्क्रीनवर तीन शब्द: 'आई हयातीचा दाखला'. आठवण मीच लावली होती आणि तारीखही बरोबर होती, कारण पेन्शनधारकांनी हा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. पण आई आठलाच झोपली होती. पेन्शनचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, दादाच्या कपाटातल्या फाइलमध्ये, आणि दादा लग्नासाठी कोल्हापूरला. दाखला राहिला आणि पुढच्या महिन्याची पेन्शन आली नाही. दाखला दिल्यावर थकलेली रक्कम जमा झाली खरी, पण मधले काही आठवडे आईने औषधांसाठी पैसे मागायचा संकोच केला. ते मला फार लागलं.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या तारखा मी नव्याने बसवल्या. कशा, ते सांगते. त्यासाठी एक रविवार सकाळ, एक वही आणि फोन एवढं पुरतं.

आधी तारखा गोळा करा

फोन बाजूला ठेवा आणि कपाट उघडा. डोक्यातून यादी करायला गेलात तर वाढदिवस आणि वीजबिल आठवेल, बाकी सगळं निसटेल. कागद हातात घेऊनच लिहायचं. गाडीची पॉलिसी, पीयूसी, लायसन्स, आरोग्य विमा, आयुर्विम्याचे हप्ते, बँकेतल्या ठेवींच्या पावत्या, लॉकरचं भाडं, घरपट्टी, भाडेकरार, सगळ्यांचे पासपोर्ट. मुलं लहान असतील तर त्यांचं आधारही बघा, कारण वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. मुलांचा पासपोर्ट मोठ्यांसारखा दहा वर्षांचा नसतो. तो पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढाच. स्वयंपाकघरातही एक तारीख लपलेली असते. गॅसच्या नळीवर ती कधी बनली ते छापलेलं असतं आणि साधारण पाच वर्षांनी ती बदलायची असते.

प्रत्येक नोंदीपुढे वहीत तीन गोष्टी लिहा: शेवटची तारीख, चुकली तर काय होतं, आणि कागद कुठे आहे. मधली गोष्ट लिहायचा कंटाळा करू नका. कुठल्या तारखेला एक आठवण पुरेल आणि कुठल्या तारखेला चार लागतील, हे त्यावरूनच ठरतं.

लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तर दंड भरून सुटता येतं. आरोग्य विम्याचं तसं नाही. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत मिळते, पण त्या दिवसांत हॉस्पिटल गाठावं लागलं तर खर्च आपलाच. आणि तेही ३० दिवस उलटले तर जुन्या आजारांचा खर्च विम्यातून मिळावा म्हणून थांबून काढलेली वर्षं वाया जातात, पुन्हा पहिल्यापासून मोजायची. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेलं कुणी असेल तर ही तारीख वहीच्या पहिल्या ओळीवर हवी. गाडीच्या विम्यातही मुदत संपून ९० दिवस झाले की क्लेम न केल्याबद्दल साठलेला बोनस जातो. तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो.

मग उलटं मोजा

माझी चूक इथेच झाली होती. शेवटचा दिवस म्हणजे काम संपायचा दिवस, आणि मी त्याच दिवशी फोन वाजायला लावला होता. प्रत्येक तारखेपासून मागे येत विचारा: आधी काय लागेल, ते कुणाकडे आहे, ते मिळायला किती दिवस जातील?

पगारदाराच्या आयकर विवरणपत्राचं उदाहरण घेऊ. शेवटची तारीख साधारण ३१ जुलै. एखाद्या वर्षी ती पुढे ढकलतात, पण त्या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क बसतं. फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, कंपनीकडून जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. म्हणून पहिली आठवण २० जूनला, 'फॉर्म १६ आला का?' दुसरी ५ जुलैला, बँकेची व्याजाची प्रमाणपत्रं काढायला. तिसरी १५ जुलैला, विवरणपत्र भरायला. आणि चौथी, जी जवळजवळ कुणीच लावत नाही, ती ई-व्हेरिफिकेशनची. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ते पडताळलं नाही तर भरलेलं असूनही अडचण येते. म्हणून भरल्याच्या दुसऱ्याच दिवशीची आठवण तिथल्या तिथे लावा.

पासपोर्टचं मोजमाप वेगळं. पुस्तिकेवरची तारीख शेवटची समजू नका, कारण बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. मी आमच्या पासपोर्टची आठवण संपायच्या दहा महिने आधी लावते. ठेवीची आठवण मुदत पूर्ण होण्याच्या आठवडाभर आधी पुरते. ती मात्र चुकवू नका, कारण काही सूचना दिली नसेल तर अनेक बँका ठेव आपोआप पुढच्या मुदतीसाठी चालू ठेवतात आणि मग मध्ये मोडली तर व्याज कमी मिळतं. पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) वर्षाचे पैसे एकदम भरत असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. बँकेला सुट्टी आली तरी चालावं म्हणून आठवण १ तारखेलाच लावा.

फोनमध्ये नोंद करताना

फोनमधलं कॅलेंडर उघडा आणि नवी नोंद घ्या. नाव क्रियापदासकट लिहा. 'गाडी विमा' असं लिहिलं तर फोन वाजल्यावर आपण 'हो, माहितीय' म्हणून बाजूला सारतो. 'गाडीच्या विम्याचे दोन ठिकाणचे दर काढणे' असं लिहिलं की काय करायचं ते समोर येतं. खाली वर्णनाच्या जागेत पॉलिसीचा नंबर, कागदाची जागा आणि कुणाला फोन करायचा ते लिहा. पासवर्ड किंवा पिन मात्र तिथे कधीही लिहू नका.

आईची आताची नोंद अशी आहे:

'आईचा हयातीचा दाखला फोनवरून भरणे. पीपीओ नंबर: आईच्या पासबुकच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. आधारला जोडलेला मोबाइल आईकडेच, चार्ज करून ठेवणे. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी बसवून.'

शेवटचं वाक्य अनुभवाने आलं. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेत चेहरा ओळखून दाखला देता येतो, पण ट्यूबलाइटखाली तिचा चेहरा तीनदा घेतला गेला नाही. वेळ लावली आहे १ नोव्हेंबर, सकाळी दहा. चहा आणि अंघोळ झालेली असते, आई प्रसन्न असते. दुसरी आठवण १० तारखेला, तिसरी २० ला. केंद्र सरकारचे ८० वर्षांवरचे पेन्शनधारक घरात असतील तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

वेळ निवडताना तुम्ही तेव्हा कुठे असता ते बघा. लोकलमध्ये उभं असताना वाजलेली आठवण वायाच जाते. कार्यालयात फोन करायचं काम असेल तर सकाळी अकरा, कागद शोधायचे असतील तर रविवार.

महिन्याच्या ३१ तारखेला दरमहा येणारी नोंद लावू नका, कारण गूगल कॅलेंडर ३१ नसलेले महिने सरळ वगळतं. २८ तारीख घ्या. आणि अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅलेंडरवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अॅप बंद करतात आणि आठवण वाजतच नाही. दोन मिनिटांनंतरची खोटी नोंद करून एकदा वाजवून बघा.

तिथीच्या तारखा

आपल्याकडचा हा खास प्रश्न. बाबांचं वर्षश्राद्ध, आजीचा तिथीने वाढदिवस, कुळाचार, यांना 'दर वर्षी' हा पर्याय लावला की चुकतं. गणेश चतुर्थीच बघा: २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, २०२६ मध्ये अधिक मास आल्याने १४ सप्टेंबर. म्हणून फोनमध्ये एकच वार्षिक नोंद ठेवा, १ जानेवारीची: 'पंचांग बघून या वर्षीच्या तिथी टाकणे'. वर्णनात सगळ्या तिथी लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'बाबा, कार्तिक वद्य पंचमी'. अर्ध्या तासात वर्षाचं काम होतं.

एका फोनवर भिस्त ठेवू नका

महत्त्वाची प्रत्येक नोंद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही गेली पाहिजे. कॅलेंडरात नोंद करताना 'पाहुणे' किंवा 'लोक जोडा' असा पर्याय असतो, तिथे त्यांचा ईमेल टाका. आमच्याकडे आईच्या सगळ्या नोंदी मला आणि दादाला दोघांना येतात, आणि ज्याने काम केलं तो दुसऱ्याला 'झालं' एवढं कळवतो. हे ठरवून घ्या, नाहीतर दोघेही समोरच्याने केलं असेल असं धरून चालतात.

आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढू नका. आईला फोनमधली नोंद दिसत नाही, पण दुधाचा हिशेब लिहिते त्याच पानावर लाल पेनने केलेला गोल ती रोज बघते. यंदा ऑक्टोबरच्या शेवटी तिनेच मला विचारलं, "दाखल्याचं कधी करायचं गं?"

वाजल्यावर

काम लगेच होत नसेल तर आठवण पुसू नका, तिथेच नवी तारीख द्या. काम झालं की पावतीचा फोटो नोंदीला जोडा आणि पुढच्या वर्षीची तारीख त्याच क्षणी टाका. पॉलिसी हातात असते, तारीख समोर असते, एक मिनिट लागतं.

वर्षातून एकदा, डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं की वही काढून सगळं ताडून बघा. विकलेल्या गाडीच्या नोंदी काढा, नव्या ठेवींच्या घाला. जुनं कॅलेंडर रद्दीत देण्याआधी त्याची पानं एकदा उलटून बघा. सिलिंडर कधी लावला, गीझर कधी दुरुस्त केला, नळी कधी बदलली, अशा कितीतरी तारखा आईने तिथे बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात, त्या वहीत उतरवून घ्या.