कॉकपिटवर कापड की कडक छत? या चुका टाळा

आमच्या साताऱ्याच्या वर्कशॉपात जीपचे हूड, ट्रॉलीच्या ताडपत्र्या, बामणोली-तापोळ्याकडच्या लाँचांची छपरं आणि शिडाच्या बोटींची आच्छादनं अशी सगळीच कामं होतात. सातारा-कराडकडच्या ज्यांनी शिडाची बोट घेतलीय, त्यांची बोट बहुधा कुंभार्ली घाटाच्या पलीकडे, कोकणातल्या एखाद्या खाडीत उभी असते. बोट हातात आली की पहिल्याच उन्हाळ्यात कॉकपिट, म्हणजे सुकाणू धरून बसायची उघडी जागा, झाकायचं मनात येतं. मग फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "फायबरचं केवढ्याला पडेल आणि कापडाचं केवढ्याला?"

हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. बोट कुठल्या पाण्यात असते, वारा वाढल्यावर तुम्ही काय करता, बोटीवर राहता की शनिवार-रविवारपुरते जाता, हे आधी सांगा. किंमत त्यातून आपोआप निघते.

नवीन लोकांसाठी नावं एकदा सांगून ठेवतो. केबिनच्या दारावर, कॉकपिटच्या पुढच्या अंगाला वारा आणि उडणारं पाणी अडवतो तो डॉजर. डोक्यावर सावली धरते ती बिमिनी. दोन्ही एकमेकांना जोडून बाजूंनी पारदर्शक पडदे लावले की झालं एन्क्लोजर. यातला प्रत्येक भाग कापडाचा किंवा कडक असू शकतो, आणि सगळे एकाच जातीचे असलेच पाहिजेत असं अजिबात नाही.

बोट जमिनीवर असताना घेतलेलं माप

इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीने झालेलं पाहिलंय.

कराडकडच्या एका गृहस्थांनी कोकणातल्या एका फायबरच्या कारखान्यातून कडक छत करून घेतलं. माप घेतलं तेव्हा बोट किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती. शीड घडी करून बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावर, बांधलेलं, बूमचं मागचं टोक वरून दोरीने उचलून धरलेलं. बंदरात बूम असाच ठेवतात. कारीगराने बूमखाली चार बोटं जागा सोडली आणि छत ओतलं. काम देखणं होतं, फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नव्हती.

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. तसाच एक दिवस होता. यांनी शीड कमी केलं, म्हणजे रीफ घेतला. आता बूम शिडाच्या मागच्या कडेवर लटकला आणि मेनशीट, म्हणजे बूम ओढून धरायची दोरी, ओढल्यावर त्याचं टोक आणखी खाली आलं. परतताना वारा मागून घेऊन जाइब केलं, म्हणजे शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवलं, आणि बूम सगळ्या जोरानिशी छताच्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. कोपरा तडकला, एक खांब बुडातून निघाला. खांब डेकवर नुसत्या स्क्रूंवर उभे होते, खालून पट्टी दिलेलीच नव्हती. छताखाली त्यांची मुलं बसली होती. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पुढच्या काही महिन्यांत स्क्रूच्या भोकांतून पाणी डेकच्या आत शिरलं आणि आतलं लाकूड मऊ पडायला लागलं, तेव्हा ते फोटो घेऊन आमच्याकडे आले. छताच्या दुरुस्तीपेक्षा डेकचं काम मोठं निघालं.

कापडाचं छत असतं तर फ्रेम वाकली असती, कापड फाटलं असतं, तेवढ्यावर भागलं असतं. पण म्हणून कापडाचं माप कसंही घेतलेलं चालतं असं नाही.

माझी पद्धत सांगतो. बोट पाण्यात हवी. पूर्ण शीड चढवायचं, मेनशीट ताणायची, बूमचं टोक कॉकपिटच्या तळापासून किती उंच आहे ते मोजायचं. मग पहिला रीफ घेऊन मोजायचं, दुसरा घेऊन पुन्हा. टोक आडवं फिरवून दोन्ही बाजूंनाही बघायचं. यातला सगळ्यात कमी आकडा तो खरा आकडा, आणि त्याच्याखाली निदान एक वीत जागा मोकळी राहिली पाहिजे.

त्यानंतर वायरिंगचे पीव्हीसी पाईप आणि जुन्या चादरी वापरून खोटं छत उभं करायचं. त्याखाली मालकाने स्वतः बसायचं. सुकाणू धरून उभं राहायचं, बसून बघायचं, विंचचं, म्हणजे दोऱ्या ओढायच्या चरखीचं, हँडल पूर्ण गोल फिरवायचं, कॉकपिटमधून बाजूच्या डेकवर चढायचं आणि तेव्हा हात कशाला धरतोय ते बघायचं. मान वर करून शिडाचं टोक दिसतंय का? दिसत नसेल तर छतात खिडकी हवी, आणि ती आत्ताच ठरली पाहिजे. जिथे हात अडखळतो तिथे खडूने खूण करायची. ही खूण इंचांतल्या मापापेक्षा जास्त उपयोगाची असते.

यात एक अख्खा दिवस जातो आणि लोकांना तो फुकट गेल्यासारखा वाटतो. "अहो, याच मॉडेलच्या बोटीचं माप इंटरनेटवर आहे, त्यावरनंच कापा की." एकाच मॉडेलच्या दोन बोटींवर शिडं वेगवेगळ्या कारागिरांची असतात, बूमची उंची वेगळी, विंच कुणीतरी मागाहून हलवलेले. दुसऱ्याच्या मापावर मी कात्री चालवत नाही.

वाऱ्याचा हिशेब न करता बंद कॉकपिट

सपाट पृष्ठभागावर २० नॉटचा वारा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, दर चौरस मीटरला साधारण साडेसहा किलोचा दाब देतो. ४० नॉटला तोच दाब २६ किलोच्या आसपास जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पुढची आणि एका बाजूची भिंत मिळून चार चौरस मीटर धरा, म्हणजे वादळात शंभर किलोंचा रेटा फक्त आच्छादनावर येतो. तो फ्रेमवर येतो, फ्रेमच्या बुडावर येतो आणि नांगरावरही येतो. वाऱ्यात बोट वळवायला जड जाते ती यामुळेच.

इथेच कापड आणि कडक यांतला खरा फरक कळतो. कापड उतरवता येतं, कडक छत उतरवता येत नाही. त्यामुळे कापडाचं आच्छादन घेणाऱ्याला मी एकच परीक्षा सांगतो: एकट्या माणसाने, ओल्या हातांनी, स्क्रूड्रायव्हर न घेता, पाच मिनिटांत बाजूचे पडदे काढून बिमिनी मिटवता आली पाहिजे. येत नसेल, तर कापड घेतल्याचा अर्धा फायदा गेला.

बोटीवर महिनोन्महिने राहणाऱ्यांना, लांबचा पल्ला मारणाऱ्यांना कडक डॉजर जरूर घ्यावा असं मी सांगतो. तो धरायला पक्का, त्यावर सोलर पॅनल बसतं, काच खरी असेल तर वायपर लागतो, आणि लाट आली तरी कोसळत नाही. पण शनिवार-रविवार खाडीतून बाहेर जाऊन येणाऱ्यांनी डोक्यावरचं छप्पर आणि बाजू कापडाच्याच ठेवाव्यात. संपूर्ण कडक खोली करून घेतलेल्या छोट्या बोटी मी पाहिल्यात. त्यांत शिडाकडे बघण्याची सवय जाते, माणूस इंजिनावरच फिरायला लागतो. शिडाची बोट घेऊन हे का करायचं, मला कळत नाही.

महाग कापड, स्वस्त दोरा

चांगलं मरीन कापड म्हणजे धाग्यातच रंग भरलेलं ॲक्रिलिक. ते उन्हात बरीच वर्षं टिकतं. पण ते शिवलेलं असतं साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने, आणि तो दोरा कापडाच्या कितीतरी आधी उन्हात कुजतो. मालक म्हणतो कापड फाटलं. जवळून बघावं तर कापड ठणठणीत, फक्त शिवण उसवलेली. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा महाग आहे, मशीनवर त्रास देतो, पण उन्हाने खराब होत नाही. छपराच्या शिवणीला मी तोच वापरतो. एखाद्याने त्यात पैसे वाचवायचा हट्ट धरला, तर दर दोन-तीन वर्षांनी शिवण पुन्हा मारून घ्यावी लागेल, हे आधीच सांगतो.

दुसरा हट्ट ताडपत्रीचा. "ट्रकवर चालते, लाँचवर चालते, मग इथे का नाही?" तापोळ्याच्या लाँचचं छप्पर चारी बाजूंनी उघडं असतं, खालून वारा खेळतो. बंद कॉकपिटवर पीव्हीसीची ताडपत्री टाकली की आतली दमट हवा बाहेर पडत नाही, सकाळी आतून पाणी ठिबकतं आणि उशांना बुरशी धरते. महाबळेश्वरच्या डोंगरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या भागात राहणाऱ्यांना बुरशी काय चीज आहे हे समजावून सांगावं लागत नाही, तरी बोटीच्या बाबतीत ते विसरतात.

गोड्या पाण्यातली फ्रेम खाऱ्या पाण्यात

कोयनेच्या शिवसागरावर ३०४ ग्रेडचं स्टील वर्षानुवर्षं छान राहतं. तीच नळी खाडीत नेली की कापडाच्या बाहीखाली, जिथे खारं पाणी अडकून राहतं, तिथे चहासारखे डाग आणि मग खड्डे पडतात. समुद्राला ३१६ हवं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही." ३०४ सुद्धा चिकटत नाही. दोन्हींतला फरक मॉलिब्डेनमचा आहे. तो चुंबकाने नाही, ग्रेड तपासायच्या द्रावणाच्या थेंबाने कळतो. ती छोटी बाटली मी नळी घ्यायला जाताना खिशात ठेवतो.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचे स्क्रू थेट लावू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर द्या. आणि प्रत्येक खांबाखाली, डेकच्या आतल्या बाजूने, पट्टी द्या.

पारदर्शक भाग

मऊ शीट रोलवरची स्वस्त घेऊ नका, त्यातून सरळ किनारा वाकडा दिसतो. सपाट दाबून पॉलिश केलेली घ्या. ती घडी घालून नाही, जुनं सुती कापड मध्ये घेऊन गुंडाळून ठेवा. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लागलेल्या हाताने तिला शिवू नका, डाग कायमचे बसतात. तापलेल्या नळीला शीट टेकत असेल तर तिथे काळपट पट्टा उमटतो, म्हणून मध्ये कापडाची पट्टी शिवून घ्या.

कडक खिडकीला पॉलिकार्बोनेट असेल तर यूव्ही थराची बाजू बाहेर हवी. फिल्म सोलायच्या आधी पेन्सिलने खूण करा. दीड मीटरची शीट ३० अंशांच्या फरकाला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा. घट्ट आवळलेली शीट भोकापासूनच तडकते. अमोनियाचा क्लीनर तिच्या जवळही नेऊ नका.

धूर

हे लोक अजिबात विचारत नाहीत, म्हणून मी न विचारता सांगतो. पुढून आणि बाजूंनी बंद, मागून उघडं असं कॉकपिट इंजिन चालू असताना धोक्याचं असतं. पुढे जाणाऱ्या बोटीमागे हवेची पोकळी तयार होते आणि एक्झॉस्टचा धूर त्या उघड्या बाजूने आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस त्याला बोट लागली असं समजतो. पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, असेल तर हा धोका डिझेलपेक्षा खूप जास्त.

माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक एन्क्लोजरच्या पुढच्या पडद्याला मी वर गुंडाळता येणारी खिडकी देतोच. नको म्हटलं तरी देतो. इंजिन चालू असताना ती उघडी ठेवायची, म्हणजे हवा पुढून येऊन मागे निघते. कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये मोनॉक्साइडचा अलार्म लावा. प्रत्येक पडदा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडणारी झिप लावून घ्या. बोट कलंडली तर आतल्या माणसाला वाट मिळाली पाहिजे.

राहिलेल्या बारीक गोष्टी

छपराला मध्ये उंचवटा ठेवा. एक चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर पाणी साचलं तर ते २० किलो भरतं.

झिपचे दात प्लॅस्टिकचे घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

कापड डिटर्जंटने आणि कडक ब्रशने घासू नका, वरचं पाणी अडवणारं लेपन निघून जातं.

गडद निळा रंग फोटोत चांगला दिसतो, पण एप्रिलमध्ये त्याच्याखाली बसवत नाही.

मे महिन्यातली घाई

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच्या आगेमागे शिडाच्या बोटीही वर ओढल्या जातात. आणि नेमके मेमध्ये फोन सुरू होतात, "पावसाच्या आत एन्क्लोजर पाहिजे." तोवर बोट टेकूंवर चढलेली असते, शीड उतरवलेलं असतं. म्हणजे माप घ्यायची वेळ निघून गेलेली. पावसाळ्यासाठी लागतं ते साधं उताराचं आच्छादन, दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवून बांधलेलं. कोकणात होड्यांवर नारळाची झापं घालतात, त्यांतूनही हवा खेळत राहते. ते आच्छादन मी मेमध्ये आठवड्यात शिवून देतो.

एन्क्लोजरसाठी बोट पुन्हा पाण्यात उतरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास या. शीड चढवून ठेवा, दोन्ही रीफच्या दोऱ्या ओवून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं कुठलं काम ठेवू नका.